दोन्ही मॉनिटर कॅलिब्रेट केले, तरी राणी रंग चार ठिकाणी चार तऱ्हेचा का दिसतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. दादरला तुमचं साड्यांचं दुकान आहे आणि ऑनलाइन विक्रीचे फोटो तुम्ही स्वतःच तयार करता. मॉनिटर दोन: एक नवा वाइड गॅमट (जास्त तीव्र रंग दाखवू शकणारा), दुसरा पाच-सहा वर्षांपूर्वीचा साधा एलईडी. दोन्ही एकाच कॅलिब्रेटरने (स्क्रीनचा रंग मोजणाऱ्या यंत्राने), एकाच संध्याकाळी, ६५०० केल्विन (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांची उजळता) आणि १२० कॅन्डेला (ब्राइटनेस) या आकड्यांवर आणले. दोन्हीचे रिपोर्ट छान आले. तरी राणी रंगाच्या पैठणीचा एकच फोटो फोटोशॉपमध्ये ठीक दिसतो, फोटो बघायच्या साध्या अ‍ॅपमध्ये नव्या मॉनिटरवर भडक होतो आणि ब्राउझरमध्ये तिसराच दिसतो. मागची पांढरी भिंत तर फोटोशॉपमध्येसुद्धा एका मॉनिटरवर किंचित गुलाबी, दुसऱ्यावर हिरवट. चार वेळा कॅलिब्रेशन करून झालं. आता यातला कुठला रंग खरा मानायचा, असं तुम्ही विचारलंत.

पाचव्यांदा कॅलिब्रेशन लगेच करू नका. एका पर्यायाची शंका आहे, ती पुढे सांगते; तो सोडला तर बहुतेक करून तुमचं कॅलिब्रेशन बरोबरच आहे. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या तक्रारी एकात मिसळल्या आहेत. भडक राणी रंग हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. गुलाबी-हिरवट पांढरा हा डोळ्याचा आणि मॉनिटरच्या उजेडाचा प्रश्न आहे. दोन्हींवर एकच औषध चालत नाही, म्हणून चार वेळा करूनही गुण आला नाही. मी लोअर परळच्या एका प्रेसमध्ये प्रीप्रेसला (छपाईआधी फाइली तयार करायच्या कामाला) लागले त्याला बावीस वर्षं झाली, आता अंधेरीत रिटचिंगचं काम करते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मलाही बराच काळ गेला होता, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

कॅलिब्रेटरचं सॉफ्टवेअर एका बटणावर दोन कामं करतं. पहिलं काम कॅलिब्रेशनचं: पांढरा, गॅमा आणि ब्राइटनेस ठरल्या जागी आणणं. त्यासाठीचे कर्व्ह, म्हणजे दुरुस्तीचे आकडे, ग्राफिक्स कार्डात भरले जातात आणि स्क्रीनवर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लागू होतात, मग ती फोटोशॉपमधली असो की डेस्कटॉपचा वॉलपेपर असो. दुसरं काम प्रोफाइलिंगचं. यात मॉनिटरमध्ये काहीही बदलत नाही. या मॉनिटरचा लाल किती लाल आहे, हिरवा किती हिरवा आहे, एवढी नोंद एका छोट्या फाइलमध्ये होते. ते आयसीसी प्रोफाइल.

प्रोफाइल म्हणजे शिंप्याची मापवही. तुमचं माप वहीत बरोबर लिहिलेलं आहे. जो शिंपी वही उघडून बघतो त्याचा ब्लाउज अंगाला बसतो. जो सगळ्यांना एकाच मापाचा शिवतो, त्याच्या दृष्टीने ती वही असून नसून सारखीच. फोटोशॉप वही उघडतं. फोटो बघायची कितीतरी साधी अ‍ॅप उघडत नाहीत, फाइलमधला आकडा जसाच्या तसा मॉनिटरला पाठवून मोकळी होतात.

हे आकड्यांत बघा, म्हणजे पक्कं होईल. इंटरनेटवरचे बहुतेक फोटो एसआरजीबी या रंगमापात असतात. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये ते मांडलं, त्या काळच्या काचेच्या जाड मॉनिटरना समोर ठेवून. त्यातला सर्वांत तीव्र लाल म्हणजे २५५, ०, ० (लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे). तुमचा नवा मॉनिटर डिस्प्ले पी-थ्री या एसआरजीबीहून मोठ्या रंगमापाच्या जवळपासचा असेल, तर त्याचा स्वतःचा लाल याहून बराच तीव्र आहे. तोच एसआरजीबी लाल त्याच्यावर दाखवायचा तर वही वाचणारं सॉफ्टवेअर साधारण २३४, ५१, ३५ असे आकडे पाठवतं. म्हणजे लाल थोडा उतरवतं आणि त्यात हिरव्या-निळ्याचा हात लावतं. वही न वाचणारं सॉफ्टवेअर सरळ २५५, ०, ० पाठवतं, आणि मॉनिटर आपल्या ताकदीचा सगळा लाल ओततो. तुमचा भडक राणी रंग इथून येतो.

आता जुन्या मॉनिटरकडे या. त्याचा लाल मुळातच एसआरजीबीच्या आसपास आहे. त्यामुळे रूपांतर केलं काय, न केलं काय, आकडे फारसे हलत नाहीत. वही न वाचण्याची चूक तिथेही होतेच, फक्त दिसत नाही. म्हणून लोक म्हणतात, "जुना चांगला होता, नवाच बिघडलेला आला." अंधेरीत आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवा मॉनिटर परत करायच्या तयारीने येतं, आणि दहातल्या नऊ वेळा मॉनिटर निर्दोष असतो.

तेव्हा आधी कोण वही वाचतं ते शोधा. माझी पद्धत सांगते. फोटोशॉपमध्ये तुमचा पैठणीचा फोटो उघडा आणि त्याच्या दोन प्रती करा. एक एसआरजीबीमध्ये. दुसरी 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरून प्रोफोटो आरजीबी या फार मोठ्या रंगमापामध्ये. सेव्ह करताना दोन्हींत प्रोफाइल जोडलेलं राहू द्या. आता या दोन प्रती एकेका अ‍ॅपमध्ये शेजारी शेजारी उघडा. फाइलचं प्रोफाइल वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये दोन्ही फोटो सारखे दिसतील. न वाचणाऱ्यात प्रोफोटोची प्रत अशी दिसेल की साडी दहा वेळा धुऊन उन्हात वाळवली आहे: राणीचा फिकट विटकरी, जरीचा मातकट.

इथेच थांबू नका, कारण हा अर्धाच तपास झाला. फाइलचं प्रोफाइल वाचणं वेगळं आणि मॉनिटरचं वाचणं वेगळं. काही अ‍ॅप फाइलचं वाचतात, ते एसआरजीबीत आणतात आणि मॉनिटर एसआरजीबीच आहे असं धरून चालतात. ते पकडायला मुद्दाम चुकीचं प्रोफाइल लावून बघा. विंडोजच्या कलर मॅनेजमेंट खिडकीत नव्या मॉनिटरसाठी तात्पुरतं प्रोफोटो हेच डिफॉल्ट प्रोफाइल म्हणून लावा आणि अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. ज्या अ‍ॅपमधला फोटो एकदम बदलला, ते अ‍ॅप मॉनिटरची वही वाचतं. जे ढिम्म हललं नाही, त्याच्यावर रंगासाठी विसंबायचं नाही. तपास झाला की खरं प्रोफाइल परत लावायला विसरू नका. मी एकदा विसरले होते आणि पूर्ण दुपार वाया गेली.

तुमच्याकडे दोन मॉनिटर आहेत म्हणून आणखी एक बघा. काही सॉफ्टवेअर फक्त मुख्य मॉनिटरचं प्रोफाइल वाचतात. खिडकी ओढून दुसऱ्यावर नेली तरी पहिल्याचंच माप धरून बसतात. आणि दोन्ही स्क्रीन 'डुप्लिकेट'वर ठेवल्या असतील तर तो मोड सोडा, 'एक्स्टेंड' करा. विंडोज ११ मध्ये २०२२ च्या अपडेटपासून ऑटोमॅटिक कलर मॅनेजमेंट नावाचं बटण आलंय. ते, एचडीआर आणि नाइट लाइट, तिन्ही तपासाच्या वेळी बंद ठेवा. नाहीतर काय कशामुळे बदललं हे कधीच कळणार नाही.

ब्राउझरबद्दल: ज्या फोटोला प्रोफाइल जोडलेलं आहे त्याच्या बाबतीत आजचे मोठे ब्राउझर बऱ्यापैकी नीट वागतात. गोंधळ होतो तो प्रोफाइल नसलेल्या फोटोंचा. फायरफॉक्सच्या प्रगत सेटिंगमध्ये कलर मॅनेजमेंटचा मोड १ ठेवला की प्रोफाइल नसलेला फोटोही एसआरजीबी समजून नीट रूपांतरित होतो. वाइड गॅमट मॉनिटर असलेल्या प्रत्येकाने हे एकदा करून टाकावं.

मॉनिटरची बटणंही तपासा. कॅलिब्रेशन ज्या मोडमध्ये केलं, प्रोफाइल फक्त त्या मोडपुरतं खरं. घरात कोणी सिनेमा बघायला 'मूव्ही' मोड लावला, किंवा तुम्हीच भडकपणाला कंटाळून 'एसआरजीबी' मोडवर गेलात, की माप बदललं पण वहीत जुनंच राहिलं. मग उलटा प्रकार सुरू होतो: साध्या अ‍ॅपमध्ये बरं दिसतं आणि फोटोशॉपमध्ये मळकट. तुम्ही ब्राउझर "तिसराच" म्हणालात त्यामागे असं काही असू शकतं. इको, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि आपोआप ब्राइटनेस कायमचे बंद. काळा रंग राखाडी वाटत असेल तर एचडीएमआयवर ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवत नाही ना, ते पाहा. तिथे 'फुल' हवं.

कॅलिब्रेशनचे कर्व्ह कधी कधी कॉम्प्युटर स्लीपमधून उठल्यावर किंवा ड्रायव्हर अपडेटनंतर उडून जातात, हेही ध्यानात असू द्या.

आता पांढऱ्याकडे वळते. मला मनापासून जिव्हाळ्याचा वाटणारा भाग हाच, आणि तुमच्यासारख्या दुकानदाराला तो समजावणं सगळ्यात सोपं आहे, कारण तुम्ही तो रोज जगता. गिऱ्हाईक साडी पसंत करतं, मॅचिंग ब्लाउजपीस काढतं, ट्यूबखाली दोन्ही तंतोतंत जुळतात. मग बाई म्हणतात, जरा दाराशी नेऊन बघू. दाराशी रस्त्याच्या उजेडात ब्लाउजपीस जांभळ्याकडे झुकतो. दोन्ही कापडं तीच, डोळेही तेच. वेगळ्या रसायनांचे दोन रंग एका उजेडात डोळ्याला सारखी संवेदना देतात आणि दुसऱ्या उजेडात देत नाहीत. याला मेटॅमेरिझम म्हणतात.

मॉनिटरच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने होतं. तुमच्या जुन्या मॉनिटरमागे साधी पांढरी एलईडी आहे, म्हणजे निळी एलईडी आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फर (निळ्या उजेडाने चमकणारा लेप). तिचा उजेड हिरव्यापासून लालपर्यंत सायीसारखा पसरलेला. नव्या वाइड गॅमट मॉनिटरच्या उजेडात लाल आणि हिरव्याचे अरुंद, टोकदार सुळके असतात, रंग जास्त शुद्ध मिळावेत म्हणून. दोन्हीकडून येणारा पांढरा पूर्ण वेगळ्या मिश्रणाचा आहे. यंत्राच्या हिशेबात तो एकच ठरतो, कारण यंत्र एका सरासरी डोळ्याचं गणित वापरतं. ते गणित सीआयई या प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ मध्ये ठरवलं. त्यामागे विल्यम राइट आणि जॉन गिल्ड यांचे प्रयोग होते, राइटचे १० निरीक्षक आणि गिल्डचे ७. मिळून सतरा जणांच्या डोळ्यांवरून जगभरच्या रंगमापनाचा पाया घातला गेला आणि अजून आपण त्यावरच उभे आहोत. त्यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण तुमचा डोळा त्या सरासरीशी तंतोतंत जुळेलच असं नाही, आणि वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. टोकदार सुळक्यांच्या उजेडात माणसामाणसातला हा फरक जास्त उघडा पडतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. आमच्या दोन मॉनिटरवरचा मोजून सारखा केलेला पांढरा आम्ही दोघांनी शेजारी शेजारी बसून पाहिला. मला डावा गुलाबी वाटला, त्याला डावाच हिरवट वाटला. दोघांपैकी कोणाचीच नजर खोटी नव्हती.

पण डोळ्यावर येण्याआधी यंत्राची एक चूक काढून टाका. फिल्टर असलेल्या कॅलिब्रेटरला समोरचा मॉनिटर कुठल्या उजेडाचा आहे हे सांगावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्प्ले टाइप' असा पर्याय असतो: व्हाइट एलईडी, वाइड गॅमट एलईडी, ओएलईडी वगैरे. तुम्ही चारही वेळा दोन्ही मॉनिटरना एकच पर्याय ठेवला असेल, तर एकाचा पांढरा नक्की सरकला आहे. मला तर वाटतं तुमच्या गुलाबीपणाचं मोठं कारण हेच निघेल. आणि रिपोर्टमध्ये सरासरी डेल्टा ई (हवा तो रंग आणि दिसणारा रंग यांतला फरक) एकच्या आत आली म्हणून निश्चिंत होऊ नका. तो रिपोर्ट त्याच यंत्राने, त्याच चुकीच्या पर्यायावर, स्वतःचंच काम तपासून दिलेला असतो. वजनकाटाच हलका असेल तर त्याच काट्यावर पुन्हा तोलून काय कळणार? यंत्र जुनं असेल तर आणखी सावध राहा. जुन्या कॅलिब्रेटरमधले फिल्टर आपल्या दमट हवेत हळूहळू उतरतात. माझा मी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते आणि पावसाळ्यात पुड्या बदलते.

एवढं करूनही पांढरा जुळला नाही, तर डोळ्याने जुळवा. यात काही कमीपणा नाही, रंगाच्या कामात मुरलेले लोकही हेच करतात. दोन्ही मॉनिटर अर्धा तास तापू द्या. नवा मॉनिटर प्रमाण धरा, त्याला हात लावू नका. दोन्हीवर पूर्ण पांढरी खिडकी उघडा आणि खुर्ची एवढी मागे घ्या की दोन्ही एका नजरेत येतील. आता जुन्या मॉनिटरच्या मेन्यूतले लाल, हिरवा, निळा एकेक अंकाने हलवत जा. सलग टक लावून बघू नका. डोळा पाच-दहा सेकंदांत त्या पांढऱ्याला सरावतो आणि सगळंच बरोबर वाटू लागतं. बाजूला बघा, परत या, पहिल्या नजरेला जे वाटतं ते धरा. जुळलं की तो पांढरा यंत्राने मोजा. आकडे ०.३१२७, ०.३२९० या (६५०० केल्विनच्या पांढऱ्याच्या) आदर्श जागेवर येणार नाहीत, येऊही नयेत. जे आले तेच लक्ष्य म्हणून भरा आणि जुना मॉनिटर त्यावर पुन्हा कॅलिब्रेट करा. डिस्प्लेकॅल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यासाठी डोळ्याने पांढरा ठरवण्याची वेगळी सोय आहे. ब्राइटनेसही जुन्याला झेपेल तेवढाच दोन्हीकडे ठेवा. जुना १०० कॅन्डेलाला थकत असेल तर नवाही १०० वर. हे सगळं तुमच्या डोळ्यापुरतं आहे. फोटो दुसरं कोणी करणार असेल तर जुळवणी त्या माणसाने करावी.

खोलीचा उजेड मात्र धरून ठेवा. मेमध्ये खिडकीतून येणारं ऊन आणि जुलैतलं करडं आभाळ यांत एकच मॉनिटर दोन तऱ्हेचा दिसतो. जाड पडदा लावा, मॉनिटरमागची भिंत पांढरी किंवा राखाडी असू द्या. दुकानातल्या बहुतेक ट्यूब ६५०० केल्विनच्या आसपासच्या असतात, पण त्यांच्यात लाल भाग कमी पडतो, आणि राणी-डाळिंबी रंग तिथेच मार खातात. साडी मॉनिटरशी ताडून बघायची तर सकाळी दहा-साडेदहाला खिडकीपाशी, थेट ऊन नसेल तिथे धरून बघा. पैठणी धूपछांव असेल तर ज्या कोनातून फोटो काढला त्याच कोनातून. आणि मोरपंखीबद्दल मन आधीच तयार ठेवा: चांगल्या रेशमावरचा मोरपंखी बऱ्याचदा एसआरजीबीच्या बाहेर जातो. तो फोनवर थोडा मंद दिसणारच. मी अशा वेळी फोटोखाली लिहायला सांगते, 'प्रत्यक्षात रंग अधिक गडद'.

एक चूक मी केलेली, तुम्ही करू नये म्हणून सांगते. प्रेसमध्ये असताना लग्नसराईचा एक कॅटलॉग आला होता, फोटो अ‍ॅडोबी आरजीबी या एसआरजीबीहून मोठ्या रंगमापामध्ये. मी घाईत 'कन्व्हर्ट'ऐवजी 'असाइन' करून त्यांना एसआरजीबी लावलं. कन्व्हर्ट म्हणजे रंग तोच ठेवून आकडे बदलणं, असाइन म्हणजे आकडे तेच ठेवून त्यांना दुसऱ्या मापाचं लेबल चिकटवणं. सगळे डाळिंबी विटकरी झाले. रात्रीची पाळी, छपाईच्या प्लेट निघालेल्या, आणि मशीनवरच्या काकांनी पहिला कागद उचलून दिव्याखाली धरला आणि काही न बोलता माझ्याकडे दिला. प्लेट नव्याने काढाव्या लागल्या. तेव्हापासून रूपांतर करायचं असेल तर मी नेहमी कन्व्हर्ट करते. असाइन फक्त फाइलला प्रोफाइल नसेल किंवा चुकीचं असेल आणि मूळ माप खात्रीने ठाऊक असेल तेव्हाच.

रील्सही करता असं तुम्ही शेवटी लिहिलंय. व्हिडिओचं माप वेगळं आहे. टीव्हीसाठी बीटी १८८६ हे मानक २०११ मध्ये आलं, त्यात गॅमा २.४ धरतात. मॅकवरचे काही प्लेअर तीच फाइल उजळ दाखवतात, कारण ते तिचा अर्थ वेगळा लावतात. कॅलिब्रेशनने हे सुटत नाही. जिथे लोक बघणार तिथे, म्हणजे फोनवर, एक चाचणीची क्लिप टाकून पाहा आणि मगच बाकीच्या काढा.

आता गिऱ्हाइकाचा फोन. त्यावर तुमचा ताबा नाही. आयफोन ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, आयफोनच्या स्क्रीन पी-थ्री आहेत आणि त्यांची प्रणाली रंगांचं रूपांतर स्वतः करते. अँड्रॉइडवर अनेक फोन 'व्हिव्हिड' मोडमध्येच दुकानातून बाहेर पडतात. मेसेजवरून फोटो पाठवला की तो पुन्हा दाबला जातो, जोडलेलं प्रोफाइल शेवटपर्यंत टिकेल असं धरून चालू नका. म्हणून बाहेर जाणारा प्रत्येक फोटो एसआरजीबीत कन्व्हर्ट केलेला आणि एसआरजीबी प्रोफाइल जोडलेला असू द्या. वाटेत प्रोफाइल गळून पडलं तरी समोरचं यंत्र बहुधा एसआरजीबीच धरतं आणि नुकसान कमीत कमी होतं.

तर खरा रंग कुठला? नव्या मॉनिटरवरचा, फोटोशॉपमधला, डिस्प्ले टाइप बरोबर निवडून केलेल्या कॅलिब्रेशननंतरचा. जुन्या मॉनिटरवर फाइलींची यादी, मेल आणि टूलच्या पट्ट्या ठेवा. रंग त्यावर ठरवू नका. आधी डिस्प्ले टाइप बघा, मग प्रोफोटोची चाचणी करा, आणि डोळ्याने जुळवणी सगळ्यात शेवटी. डिस्प्ले टाइपमध्ये काय निवडलं होतं आणि कुठलं अ‍ॅप ढिम्म राहिलं, एवढं मला कळवा. राणी रंगाचा तो मूळ फोटोही पाठवा, कॅमेऱ्यातून आलेला, कशालाही हात न लावता. पुढचं त्यावरून बघू.